यंत्र आणि हात

(अभ्यासवर्गातील भाषण)



अर्थशास्त्राच्या माणसाने डॉक्टरांच्या शिक्षणावर बोलावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा हा प्रश्न जेथे उपस्थित होतो, तेथे अर्थशास्त्राला बोलणे भाग आहे.

अपघातात पोटाला मार लागलेला मजूर रुग्णालयात येतो. बाहेर जखम नाही. पण नाडी जलद आहे आणि रक्तदाब उतरतो आहे. अशा रुग्णाला सीटी स्कॅनच्या खोलीत नेणे धोक्याचे असते. खाटेजवळ सोनोग्राफीचे छोटे यंत्र असेल, तर डॉक्टर यकृताजवळ, प्लीहेजवळ, ओटीपोटात व हृदयाभोवती असे चार ठिकाणी पाहतो. साचलेले ताजे रक्त पडद्यावर काळे दिसते, आणि काही मिनिटांत शस्त्रक्रियेचा निर्णय करता येतो. ‘फास्ट’ या नावाने ही तपासणी ओळखली जाते.

तथापि यंत्र पाहत नाही. पाहतो तो माणूस. रक्त थोडे असेल तर ते निसटते. आतड्याला पडलेले छिद्र किंवा पोटाच्या मागील बाजूचा रक्तस्राव ही तपासणी भरवशाने दाखवीत नाही. ‘काही दिसले नाही’ आणि ‘काही झालेले नाही’ यांतील अंतर दोन दिवसांच्या शिबिरात उमगत नाही. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकांच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी जाणकाराने पडताळलेल्या २५ ते ५० तपासण्यांचा दंडक घातला आहे. याचा अर्थ उघड आहे : शिकणाऱ्याच्या शेजारी शिकविणारा उभा असला पाहिजे, आणि तोही दीर्घकाळ.

आपल्याकडे आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. नव्या पिढीतील काही डॉक्टर म्हणतात, गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आमच्या आड येतो. तो सैल करा. या कायद्यासाठी चळवळींनी झीज सोसली आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये पहिले पाऊल टाकले, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, २०१२ मध्ये हलविता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधने आली. आणि तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. ज्या समाजात असे घडते, तेथे हा बांध फोडण्याची भाषा आपण करू शकत नाही.

मग त्या मजुराने मरावे काय? मुळीच नाही. मुलगी विरुद्ध मजूर हा झगडाच खोटा आहे. कायदा नोंदणी मागतो, प्रशिक्षण मागतो, हिशेब मागतो. २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरविले आहे. नोंदलेले यंत्र, नोंदलेला डॉक्टर आणि प्रत्येक तपासणीची जपून ठेवलेली, वरिष्ठांनी तपासलेली चित्रे, ही शिस्त उत्तम शिक्षणाचीही आहे आणि कायद्याच्या पालनाचीही. खरी अडचण कायद्याची नसून शिक्षकाची आहे.

यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते आणि त्याचे उद्घाटनही होते. शिक्षकाचा पगार दरमहा द्यावा लागतो, आणि त्याला हार घालायला कोणी येत नाही. सरकारने हा खर्च टाळला की शिक्षण बाजारात जाते. ज्याला शुल्क परवडते तो शिकतो, आणि जेथे शुल्काची वसुली होईल तेथे जाऊन राहतो. तालुक्याच्या रुग्णालयात उरते ते आवरणाखाली झाकलेले यंत्र.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन केवळ ‘यंत्र आहे काय?’ एवढेच विचारू नये. ते चालविणारा कोण, त्याला शिकविले कोणी, त्याच्या तपासण्या पडताळतो कोण, आणि शिकविणाऱ्याची जागा कायम आहे की कंत्राटी, हेही विचारावे. या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मागा. भांडवल कितीही आले, तरी श्रमाचे कौशल्य जोपासल्यावाचून ते निर्जीवच राहते. वर्गात मी हे आयुष्यभर शिकविले. अपघात विभागाच्या दारात ते जीवनमरणाचे सत्य ठरते.