उंबरातली केंबरे आणि दाजीपूरचा गवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कधी आहारावर, कधी मुलांच्या अभ्यासावर बोलणे ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला रानावर बोलायला सांगितले. निम्मा जन्म मी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात घालवला, म्हणून ही निवड झाली असावी. रानाचा आणि आपल्या संसाराचा काय संबंध, असे एखादीच्या मनात येईल. तिने आज सकाळी नळाला आलेले पाणी आठवावे. कोल्हापूरला पाणी देणाऱ्या भोगावतीचा उगम राधानगरीच्या डोंगरात आहे. थेट पाईपलाईनचे पाणी काळम्मावाडीच्या धरणातून येते. या दोन्ही धरणांच्या पाठीशी जे जंगल उभे आहे, तेच दाजीपूर-राधानगरीचे अभयारण्य. पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे आपण सगळ्याजणी कान देऊन ऐकतो. त्या दरवाज्यांच्या मागे काय आहे, ते थोडेसे सांगते.

पण सुरुवात जंगलापासून करीत नाही. उंबरापासून करते, कारण उंबर आपल्या सर्वांच्या ओळखीचा. नरसोबाच्या वाडीला जाऊन औदुंबराला प्रदक्षिणा घातली नाही अशी बाई या सभागृहात विरळाच. ‘तुमचे दर्शन म्हणजे उंबराचे फूल’ असे आपण कितीदा म्हणतो! आता गंमत पाहा. उंबराला फुले येतात, आणि ती शेकड्यांनी येतात. फक्त ती फळाच्या आत असतात. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरे तर फुलांनी भरलेली मिटलेली कुपी आहे. तिच्या टोकाशी एक अगदी बारीक भोक असते, आणि त्यातून आत जाणारे पाहुणे म्हणजे आपली केंबरे. उंबर फोडून केंबरे काढू नयेत अशी म्हण आपल्या आजीपणजींनी करून ठेवली आहे. दुसऱ्याचे उणे उकरू नये हा तिचा अर्थ, पण ज्या कुणी ती केली तिने उंबर नीट पाहिला होता, यात शंका नाही.

या केंबरांची कथा एखाद्या व्रताच्या कहाणीपेक्षा कमी नाही. चिलटाएवढी मादी त्या भोकातून आत शिरते. वाट इतकी अरुंद की शिरतानाच तिचे पंख तुटून पडतात. परतीचा प्रश्न तिथेच संपला! आत ती काही फुलांत अंडी घालते, आणि येताना अंगावर आणलेला पराग इतर फुलांना मिळतो. मग ती तिथेच मरते. पुढे तिची पिल्ले त्या कुपीत वाढतात. नर आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी मीलन झाले की ते कुपीला आतून भोके पाडतात आणि त्यांचे आयुष्य सरते. माद्या अंगावर नवा पराग घेऊन त्या भोकांतून बाहेर उडतात. त्यांच्या हाती एखाददुसरा दिवस असतो. तेवढ्यात त्यांना नेमकी योग्य वयाची कुपी धरलेला दुसरा उंबर सापडला पाहिजे. वड चालत नाही, पिंपळ चालत नाही. वडाचे केंबरू वेगळे, पिंपळाचे वेगळे. उंबरावाचून त्याच्या केंबराची वीण होत नाही, आणि केंबरावाचून उंबराला बी धरत नाही.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट ध्यानात घ्या. उंबराचे एकटे झाड गावात राखून भागत नाही. एक झाड फळले की त्यातून निघणाऱ्या केंबरांना जवळपास दुसरे झाड लागते, त्यानंतर तिसरे. म्हणूनच उंबर, वड, पिंपळ सगळे एकाच वेळी फळत नाहीत. कुठले ना कुठले झाड बाराही महिने फळावर असते. जेव्हा रानात दुसरे फळ नसते तेव्हा हरियाल, बुलबुल, कोकीळ, शेकरू, वानर, वटवाघूळ सगळे या झाडांवर येतात. दुष्काळात घरातली एखादी आजी सगळ्यांना पुरवून पुरवून वाढते, तसे हे झाड. हरियाल आपल्या राज्याचा पक्षी आणि शेकरू राज्यप्राणी. दोघेही या पंगतीचे नेहमीचे जेवणारे.

आणि याच पंगतीचा एक मानकरी धनेश. मोठ्या बाकदार चोचीचा हा पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो. मादी ढोलीत जाऊन बसते आणि विष्ठा नि फळांचा गर यांनी दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत असताना तिची उडण्याची पिसे गळतात, म्हणजे तिला बाहेर पडणेच शक्य नसते. अडीच-तीन महिने नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. ‘असा नवरा मिळायला हवा’ असे आत्ता मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणाले, ते मला ऐकू आले बरे का! पण त्या काळात नर मारला गेला तर आतल्या कुटुंबाचे हाल ठरलेले. धनेश उंबराची नि वडाची फळे खातो आणि त्यांच्या बिया दूरवर टाकतो. म्हणजे झाड धनेशाला घर आणि जेवण देते, आणि धनेश झाडाची पोरे रानभर लावतो.

आता ढोल असलेले झाड म्हणजे म्हातारे झाड. तरुण झाडाला ढोल नसते. आणि म्हातारी झाडे आज राहिली आहेत कुठे? अभयारण्यात, आणि देवरायांत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी १९७० नंतरच्या वर्षांत सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे गेले. आपल्या गावकऱ्यांना ते आधीच ठाऊक होते. राईतले वाळके काटूकसुद्धा घरी न्यायचे नाही, हा नियम. त्यामुळे पडलेली खोडे तिथेच कुजतात, त्यांत किडे होतात, किड्यांवर सुतार पक्षी येतो, आणि त्याने कोरलेल्या ढोलीत पुढे आणखी कुणी राहते.

माझे माहेर भुदरगड तालुक्यातले. गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई आहे. हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजनी, सातवीण, आणि खाली एक झरा, ज्याचे पाणी चैत्र-वैशाखातही आटत नाही. काही वर्षांपूर्वी देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी निघाली. ती माझ्याकडेही आली. नकाशा मागवून पाहिला तर सभामंडप, फरशीचे आवार आणि गाड्या लावायला जागा. म्हणजे राईचा जवळजवळ तिसरा हिस्सा जाणार. देवीला नवे देऊळ बांधायचे आणि तिचे जुने घर मोडायचे, हा कुठला हिशेब? मी तसे विचारले. माझी वहिनी आणि गावातल्या आणखी बायका झऱ्याचे काय होणार म्हणून उभ्या राहिल्या. पुष्कळ वाद झाला, दोन बैठका मोडल्या, आणि अखेर गाड्यांची जागा खाली माळाला नेली. सभामंडप मात्र झाला, आणि त्यात पाठीमागचा जुना बेहडा गेला. त्या बेहड्याच्या ढोलीत राखी धनेशाचे घर असे. पुढच्या फाल्गुनात जोडी आली, आठ दिवस तिथेच घुटमळली आणि गेली, असे वहिनी सांगते. त्यानंतर ती दिसलेली नाही.

हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. इथे बसलेल्या कितीतरी जणींची माहेरे-सासरे आजरा, चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या तालुक्यांत आहेत. जीर्णोद्धाराच्या पावत्या तुमच्याकडेही येतात. वर्गणी जरूर द्या. पण देण्याआधी नकाशा मागा, आणि कोणती झाडे जाणार ते विचारा. पैसे देणाऱ्या बाईने विचारलेल्या प्रश्नाला गावात उत्तर द्यावेच लागते, हा माझा अनुभव आहे.

आता दाजीपूरकडे येते. हे जंगल राहिले कसे, याचा इतिहास मोठा मौजेचा. ते राखले शिकारीसाठी! कोल्हापूरच्या छत्रपतींचे हे राखीव शिकारीचे रान. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरणाचे काम काढले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पण धरण आणि त्यावरचे रान या दोन्हींचा वारसा आपल्याला मिळाला. पुढे १९५८ साली, त्या वेळच्या द्विभाषिक मुंबई राज्यात, दाजीपूर हे गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आज महाराष्ट्रात असलेल्या अभयारण्यांत ते पहिले मानतात. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केले, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाट जागतिक वारसा ठरवला, त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणे आली: कास, कोयना, चांदोली आणि आपले राधानगरी.

याच संस्थानात दुसरेही एक जनावर होते. काळविटाच्या शिकारीसाठी इथे चित्ते पाळीत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशात कुनोला आणावे लागले. गव्याच्या बाबतीत ती पाळी आली नाही.

गवा म्हणजे रेडा नव्हे आणि अमेरिकेतला बायसनही नव्हे. तो आपल्या गाईच्या गणगोतातला. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात, आणि मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. कळपाला वाट दाखवते ती बहुधा एखादी वयस्क गाय. गवत, कारवी, बांबूची पाने हा त्याचा आहार. त्याच्या शेणावर किडे, किड्यांवर पक्षी. वासरांवर कोळसुंद्यांची आणि बिबट्याची नजर. गणगोतातला म्हटल्यावर आजारही एकच. १९६८ साली दक्षिणेत बंदीपूर-मुदुमलाईच्या रानांत बुळकांडीने गवे पुष्कळ मेले. बुळकांडी २०११ साली जगातून गेली. लाळ-खुरकूत मात्र अजून आहे. रानालगतच्या गोठ्यातल्या गाईला वेळेवर लस टोचली तर रानातला गवाही वाचतो.

मग हा गवा आपल्या उसात का येतो? माझ्या काकांच्या उसातही आला आहे, तेव्हा शेतकऱ्याचा राग मला परका नाही. उन्हाळ्यात रानातले पाणी आणि हिरवा चारा कमी होतो, आणि रानाच्या अगदी कडेला ओला, गोड, उभा ऊस! त्यातच रानमोडी आणि घाणेरी या परदेशी झुडपांनी कुरणे व्यापली. जिथे गवत असायचे तिथे आता जनावर तोंड लावीत नाही असा पाला आहे. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा शिरला. माणसांच्या गर्दीने नि पाठलागाने तो मेला. पुढच्याच डिसेंबरात आपल्या शहराच्या वेशीपर्यंत गवे आले, आणि शेजारच्या एका गावी एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही वेळा बघ्यांची गर्दी होती. गवा दिसला की वाट मोकळी ठेवावी, आरडाओरडा करू नये, मोबाईल घेऊन पुढे जाऊ नये, आणि वनखात्याला कळवावे. मुलांना हे घरी सांगाच. पिकाची भरपाई सरकार देते, पण अर्ज वेळेत करावा लागतो. गावाकडच्यांना त्याची आठवण आपणच करून द्यावी.

राधानगरीत कॅमेऱ्याने टिपलेला वाघ पुढे चांदोलीत आढळला आहे. मधल्या वाटेवर विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा ही राने आहेत. गेल्या काही वर्षांत ती संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाली. वाघाच्या येण्याजाण्यासाठी ती जोडलेली राहावी लागतात. केंबराला दुसरा उंबर लागतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त अंतर मोठे.

सड्यांबद्दल बोलायला वेळ नाही, पण दोन शब्द सांगते. जांभ्या दगडाचे हे उघडे माळ उन्हाळ्यात ओसाड दिसतात, म्हणून लोक त्यांना पडीक समजतात. खाली बॉक्साइट असल्याने दुर्गमानवाडसारख्या ठिकाणी ते खणले गेले. श्रावण-भाद्रपदात तिथे जाऊन पाहा, पाय ठेवायला जागा नसते इतकी फुले. किडे खाणारी दवबिंदूसुद्धा तिथेच. डोंगरउतारांवर कंदीलपुष्प, आपली खर्पुडी, सापडते. ती लहान माशांना फुलाच्या नळीत कोंडते आणि आतले केस वाळले की पराग लावून सोडून देते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात ती जपून ठेवली आहे. नातवंडांना एकदा दाखवून आणा.

आता मंडळापुढे माझी एक सूचना आहे. वटपौर्णिमेला मंडईत वडाच्या फांद्या विकायला येतात आणि आपल्यातल्या पुष्कळजणी त्या घरी आणून पूजा करतात. त्या फांदीवरच्या कच्च्या फळांत केंबरे वाढत असतात, ती तिथेच संपतात. शिवाय एकेका झाडाच्या किती फांद्या जातात ते दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या ढिगावरून दिसते. यंदा मंडळाच्या सर्व सभासदांनी उभ्या झाडाचीच पूजा करावी, आणि ज्यांना वयामुळे जाणे होत नाही त्यांच्यासाठी मंडळाने रिक्षाची सोय करावी, असा ठराव मी मांडते. अनुमोदन कुणाचे आहे ते चिटणीसबाईंनी लिहून घ्यावे.

दाजीपूरच्या सहलीचे नावही याच वेळी द्यायचे आहे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते, म्हणून आपण पौषात जाणार. पहाटे अंधारातच निघावे लागेल. भडक साड्या नकोत, गजरे नकोत, प्लॅस्टिकच्या पिशव्या तर मुळीच नकोत. गप्पा मात्र परतीच्या गाडीत मनसोक्त करू. नावे पुढच्या शनिवारपर्यंत द्यावीत.