घाट आणि जोडी

कसारा स्थानकावर इगतपुरीकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून साहाय्यक इंजिनें जोडतात. ३७ फुटांत १ फूट अशी ती चढण एका इंजिनास झेपत नाहीं. शर्यतीच्या हौसेनें याच घाटांत सायकलीचा सराव करणाऱ्या पतिपत्नींस मात्र असा आधार नसतो. सपाटीवर पुढचा वारा अडवितो आणि मागच्याचे श्रम वांचतात. चढणीवर वेग मंदावतो व तो आडोसा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. प्रत्येकानें आपला भार आपणच वाहावयाचा. मग जोडीचा उपयोग काय?

घाटापलीकडील नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनीं त्याचें उत्तर दिलें आहे. २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरची शर्यत त्यांनीं आळीपाळीनें सायकल चालवून ९ दिवसांच्या आंत पुरी केली. दुसऱ्याच्या भरंवशावर विसांवा घेतां येणें, हें जोडीचें खरें बळ.

पतिपत्नींनींही तेंच शिकावें. वेगवानानें घाटमाथ्यावर आनंदानें थांबावें. मागच्यानें आपल्यामुळें खोळंबा झाला असें मनांत आणूं नये. नाहींतर एकाची शर्यत साधेल आणि दुसऱ्याची हौस कायमची मरेल.