शाई किती टिकते?

बेंगळुरूच्या जयनगरमधून बोलतोय. आजचा विषय आहे फाउंटन पेनची शाई. पेनांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. निब सोन्याची की स्टीलची, पेन जर्मन की जपानी, यावर तासभर वाद होतो. पण पेन खिशात राहतं आणि कागदावर जाते ती शाई. ती किती टिकणार, हे कुणी विचारत नाही. आज तेवढंच पाहू.

आपल्याकडची जुनी शाई काजळाची. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी एकत्र घोटायचं आणि बोरूने लिहायचं. ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आला, त्याचा अर्थच काळेपणा. काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही, हवेने बदलत नाही. म्हणून शेकडो वर्षांच्या पोथ्या आणि मोडी कागद अजून काळेभोर दिसतात. अडचण अशी की काजळी पाण्यात विरघळत नाही, तिचे कण नुसते तरंगत राहतात. बोरूला ते चालतं, कारण तो बुडवायचा, लिहायचं आणि पुसून ठेवायचा. फाउंटन पेनमध्ये शाई बारीक खाचेतून उतरते. तिथे हे कण डिंकासकट वाळले की पेन बंद पडलं.

युरोपात दुसरी शाई चालायची, मायफळ आणि हिराकशीची. मायफळ हे खरं फळ नव्हे. ओक झाडावर कीटकामुळे धरलेली ती गाठ असते. तिच्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की शाई होते. ताजी असताना ती फिकट असते. कागदावर उतरल्यावर हवेतला ऑक्सिजन लागतो, ती काळी पडते आणि कागदाच्या तंतूंना धरून बसते. आता फिकट शाईने लिहिलेलं लिहिणाऱ्याला दिसणार कसं? १८३०च्या दशकात लंडनमध्ये हेन्री स्टीफन्सने अशा शाईत निळा रंग घालून ती विकायला सुरुवात केली. ‘ब्लू-ब्लॅक’ या नावाचा उलगडा इथे होतो. लिहिताना निळी दिसते, नंतर काळी होते.

पण ही शाई आम्लधर्मी. स्टीलची निब ती गंजवते. चांगल्या पेनांना सोन्याची निब असायची ती केवळ मिरवायला नव्हे, सोन्याला हे आम्ल काही करत नाही म्हणून. आणि लोहाचं प्रमाण जास्त झालं, तर ही शाई कालांतराने कागदही खाते.

१८५६ मध्ये लंडनमध्येच विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग. तिथून कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉटरमनने पेटंट घेतलं. त्याच्या पेनमध्ये शाई जितकी बाहेर येईल, तितकी हवा आत जायची. असं पेन नीट चालायला पातळ, गाळ नसलेली शाई हवी आणि कृत्रिम रंग पाण्यात पूर्ण विरघळतात. दोघांचं छान जमलं. शर्टावर सांडली तरी धुऊन निघणारी निळी शाई आली. मात्र शर्टावरून धुऊन निघणारी शाई कागदावरूनही धुऊन निघते.

आता आपल्या घरी येऊ. १९३१ मध्ये मुंबईत गिरगावात दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या भावांनी शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला घेतल्या. नाव ‘हॉर्स ब्रँड’. पुडी का, तर ती फुटत नाही, सांडत नाही आणि पाण्याचं वजन वाहावं लागत नाही. विकत घ्यायची, घरच्या दौतीत विरघळवायची. त्याच वर्षी अमेरिकेत पार्करने लवकर वाळणारी ‘क्विंक’ बाजारात आणली. फाउंटन पेनची शाई करणं पुडीपेक्षा अवघड, कारण गाळाचा कण चालत नाही. दांडेकरांनी तीही केली, ‘कॅमल’ नावाने. कॅमल आणि इंक मिळून झालं कॅमलिन. रंगपेटी आणि कंपासपेटीमुळे आपण हे नाव ओळखतो, पण त्याच्या पोटात शाई आहे. बंगालात १९३४ मध्ये ‘सुलेखा’ निघाली, तीही स्वदेशीच्याच आग्रहातून.

आमच्या इथून दीडशेक किलोमीटरवर, म्हैसूरला, आणखी एक शाई बनते. १९३७ मध्ये संस्थानाच्या काळात सुरू झालेल्या रंगाच्या कारखान्यात मतदानाची शाई तयार होते. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून ती आपल्या बोटांवर आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ते त्वचेवर उतरतं आणि उजेडाने काळं पडतं. तत्त्व ब्लू-ब्लॅकच्या जवळचंच आहे. रंग बाटलीत तयार नसतो, जागेवर घडतो, म्हणून तो पुसला जात नाही.

ईशान्येला असताना एका पावसाळ्यात माझ्या ट्रंकेत पाणी शिरलं. वडील ब्लू-ब्लॅकने लिहायचे. त्यांची अक्षरं फिकटली, पण वाचता आली. पत्नीची पत्रं धुऊन निघणाऱ्या निळ्या शाईतली होती. त्यांचे नुसते निळे ढग झाले. कागद सारखाच, पाणी तेच, फरक फक्त शाईचा.

तुमच्या घरात आजी-आजोबांची पत्रं असतील, तर ती काढून पाहा. अक्षरं तपकिरी झाली असतील, तर बहुधा ती लोहाची शाई आहे. असा कागद घडीवर तुटतो, वारंवार उघडू नका. फिकट निळी किंवा जांभळी असतील, तर ऊन आणि ओल यांपासून जपा. लॅमिनेशन कशालाच करू नका, कारण ते परत काढता येत नाही. आधी फोटो काढा, मग कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि यापुढे नातवंडांसाठी काही लिहाल, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचून शाई घ्या. ‘वॉशेबल’ असेल, तर ती हिशेबाच्या वहीला ठेवा.

इतकंच. घरात कोणती शाई सापडली ते जरूर कळवा. नमस्कार, जय हिंद.