चांदण्यातले पोहणे



कोजागरी चार दिवसांवर आली आहे. आश्विनातील उकाडा, निरभ्र आकाश आणि दिवसभराची ऊब धरून राहिलेले पाणी; अशा रात्री पोहण्यात जो आनंद आहे तो भर दिवसा गजबजलेल्या तरणतलावात मिळणे नाही. तेव्हा चांदण्यात पाण्यात उतरूच नका, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. मात्र जो चंद्र आपल्याला उजेड देतो, तोच समुद्राला उधाण आणतो, याचे स्मरण त्या रात्री आपण ठेवावयास हवे.

पौर्णिमेला व अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात आणि भरती-ओहोटीचा जोर वाढतो. अष्टमीच्या सुमारास तो मंदावतो, त्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी सहा तासांत चार मीटरांहूनही अधिक चढू वा उतरू शकते, आणि सर्वांत मोठी भरती बहुधा पौर्णिमा सरल्यावर एक-दोन दिवसांनी येते. भरतीची वेळ काढण्याचा आपला जुना हिशोब सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशोब ढोबळ आहे. भरतीचे छापील वेळापत्रक मिळते, ते पाहावेच.

आता हा हिशोब कोजागरीच्या रात्रीला लावून पाहा. सूर्य मावळताना समुद्र ओहोटीला लागलेला असतो, वाळू दूरवर उघडी पडते आणि मंडळी पुढे पुढे चालत जातात. अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते ते अशाच वेळी. पण चंद्र वर येऊ लागतो तसे पाणीही चढू लागते आणि आठ ते दहाच्या दरम्यान ते सर्वाधिक वेगाने चढते. दूध आटेपर्यंत भरती पूर्ण होते. त्यानंतरचे तास मला सर्वांत धोक्याचे वाटतात. आपल्या कोकणात चंद्र उगवतो सह्याद्रीच्या बाजूने आणि मावळतो समुद्रात. मध्यरात्र उलटली की तो पश्चिमेकडे झुकतो, पाण्यावर रुपेरी वाट उमटते आणि पोहणाऱ्याला त्या वाटेने पुढे जाण्याचा मोह होतो. नेमके त्याच वेळी ओहोटीचे पाणीही त्याच दिशेने निघालेले असते. शिवाय पूर्वरात्री किनाऱ्यावरील राखणदाराच्या पाठीशी असलेला चंद्र आता त्याच्या डोळ्यांसमोर येतो. त्या लखलखाटात पोहणाऱ्याचे डोके दिसेनासे होते.

चांदणे कितीही लख्ख वाटले तरी पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश असतो. त्यात रंग कळत नाहीत, अंतराचा अंदाज चुकतो, पाण्याखालचे तर काहीच दिसत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा लख्ख दुपार होती. रात्री जीवरक्षक किनाऱ्यावर नसतात, आणि अनेक ठिकाणी अंधार पडल्यावर समुद्रात उतरण्यास मनाईही असते. म्हणून कोजागरीला समुद्र काठावरूनच पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग पोहावे कुठे? गावच्या ओळखीच्या तळ्यात, किंवा पायऱ्यांच्या विहिरीत; तेही मालकाला विचारून आणि त्याच दिवशी उजेडी एकदा उतरून पाहिल्यावर. गाळ कोठे आहे, शेवाळ कोणत्या पायरीवर आहे, पाणवनस्पती कोठे पायात अडकतात, हे दिवसाच कळते. धरणाखालच्या नदीपात्रात मात्र उतरू नये. आश्विनात धरणे भरलेली असतात आणि पाणी केव्हा सुटेल याचा नेम नसतो. रात्री सूर मारू नये, मुटकाही नको. पायऱ्यांवरून सावकाश उतरावे. ज्याला पोहता येत नाही त्याने शिकण्यासाठी ही रात्र निवडू नये, मग कमरेला भोपळा बांधलेला असो की डबा. मद्य घेतलेल्याला तर पाण्याच्या जवळही येऊ देऊ नये. येथे भीड कामाची नाही.

डोक्याला पांढरे फडके बांधावे. जोडीने पोहावे, आणि एकाने कपडे न उतरवता काठावर बसून सारखी डोकी मोजावीत. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून पाळीपाळीने करावे. त्याच्याजवळ लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब असावी. विजेरी असावी, पण ती उगाच पेटवू नये. अंधाराला सरावलेले डोळे एका झोताने बिघडतात आणि पुन्हा सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात.

कोणी गटांगळ्या खाऊ लागला तर आवेशाने उडी घेऊ नये. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी दोर किंवा ट्यूब फेकावी. बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगून पोटातले पाणी काढण्याची रीत अजून दिसते. तिच्यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असेल तर पाठीवर निजवून, मान किंचित मागे कलवून तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबण्याची क्रिया सुरू करावी आणि दुसऱ्याने तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही क्रिया कशी करावी, हे आता आपण याच मैदानावर प्रत्यक्ष करून पाहू. पुढच्या रांगेतील दोघांनी कृपया वर यावे.