बिऱ्हाड शोधताना
(सोलापूर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेले भाषण)

उपासक-उपासिका हो,

आज मी आपल्यापुढे धम्मावर प्रवचन करण्यासाठी उभा नाही. आपणांपैकी अनेकांच्या घरी सध्या ज्या विषयाची रोज चर्चा चालते, त्या भाड्याच्या घराविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. सोलापूरचा मुलगा शिकतो, पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीला लागतो, आणि पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच त्याच्यापुढे बिऱ्हाडाचा प्रश्न उभा राहतो. कोणाची मुलगी समुद्रापलीकडे जाते. तिलाही परक्या देशात खोली शोधावी लागते. तेथील घरमालक पगाराचा दाखला मागतो, आगाऊ भाडे मागतो. आपल्याकडचा घरमालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. आणि तेवढ्यानेही भागले नाही तर घरात कोणत्या देवाची तसबीर लावता, असे सहज विचारल्यासारखे विचारतो.

आपण बौद्ध झालो. आता या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ अगदी स्वच्छ आहे. पण ते उत्तर दिल्यावर खोलीची किल्ली परत खिशात जाते, हा अनुभव या सभेतील कितीजणांना आहे हे मी हात वर करून विचारणार नाही. मला स्वतःला तो आहे. एका गावी बदली झाली असता माझा सर्व सौदा ठरला होता, आणि नाव लिहून देताच त्या गृहस्थांना आपला पुतण्या राहावयास येणार असल्याची आठवण झाली. तो पुतण्या कधीच आला नाही; खोलीला पुढे दोन महिने कुलूप होते.

या बाबतीत बाबासाहेबांवर काय प्रसंग ओढवला तो आपण ऐकून असाल. पण तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परका देश, परकी भाषा. तरी तेथे त्यांना राहावयास जागा मिळाली. लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यार्थिगृहात नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांच्यासोबत होते, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ साली ते स्वदेशी परतले व शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले. ज्या राजाने परदेशी धाडले, त्याच्याच राजधानीत त्यांना डोके टेकावयास जागा मिळेना.

ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. ती केवळ पारशांसाठी आहे हे त्यांस ठाऊक नव्हते. कोट काढताच अंगात सदरा नाही, कस्ती नाही, हे तेथील रखवालदाराच्या ध्यानी आले. प्रवासी कोणी येत नव्हते, त्यालाही पैशाची गरज होती. तेव्हा जेवणासह दिवसाला दीड रुपया ठरला आणि वहीत पारशी नाव लिहावे असे ठरले. वरच्या मजल्यावरच्या त्या अंधाऱ्या, एकाकी जागेत त्यांनी दिवस काढले. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून खटपट चालली होती, पण काम लांबणीवर पडत होते. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन वर आले. आठ दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळच्या आत जागा सोडा, असे त्यांनी बजावले. एका हिंदू मित्राने, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, अशी अडचण सांगितली. दुसरे मित्र ख्रिस्ती, मूळचे ब्राह्मण; त्यांना पत्नीचा विचार घ्यावयाचा होता. या उत्तरांचा अर्थ काय तो बाबासाहेब समजले. मग कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबई गाठली. या व अशा प्रसंगांवर त्यांनी पुढे जे इंग्रजी टिपण लिहिले, त्याला त्यांनी 'व्हिसाची प्रतीक्षा' या अर्थाचे नाव दिले. व्हिसा हा परदेशात शिरण्याचा परवाना. तो आपल्याच देशात कशाला हवा, हे त्या नावात आले.

येथे मला एक नाजूक गोष्ट बोलावयाची आहे. त्या वहीत खोटे नाव लिहिले गेले, आणि ते बाबासाहेबांनी स्वतः होऊन जगाला सांगितले. आजही आपली काही मुले आडनाव बदलून सांगतात, तसबीर पेटीत ठेवतात. त्यांना कोणी भ्याड म्हणू नये. रात्र पडली की माणसाला छप्पर लागते. परंतु खोट्या नावाचे बिऱ्हाड म्हणजे रोज अकराव्या दिवसाची वाट पाहणे होय. आई भेटीस आली तर शेजाऱ्यांपुढे काय बोलावे, हे तिला आधी पढवावे लागते. मला विचाराल तर, खोली चार दिवस उशिरा मिळाली तरी चालेल, मात्र नाव आपलेच सांगावे.

परदेशात सारे आलबेल आहे, असे मात्र समजू नका. इंग्लंड-अमेरिकेत काळ्या माणसाला खोली नाकारणे ही एकेकाळी नित्याची गोष्ट होती. दोन्ही देशांनी १९६८ साली त्याविरुद्ध कायदे केले. आपल्याकडे १९५५ सालचा अस्पृश्यताविषयक कायदा आहे. १९७६ पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम. त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, संपादन करणे किंवा त्यात राहणे यांबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद, शिवाय दंड. कलम १२ त्याहून उपयोगी आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेमुळेच घडले असे न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे दुसऱ्या पक्षाने सिद्ध करावयाचे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तेव्हा धर्मांतर केले म्हणजे हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नका.

पण कायद्याला मर्यादा आहेत. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतेच ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो नियम ग्राह्य धरला. (हे मी पारशांना बोल लावण्यासाठी सांगत नाही; भथेनाही पारशीच होते.) आणि बहुतेक घरमालक कारण सांगतच नाहीत. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. नाव ऐकून घरमालकाचा सूर कसा पालटतो, ते तीत मोजून दाखविले आहे. म्हणून जाहिरात, निरोप, बोलणे झाल्याची तारीख जपून ठेवा. 'जागा गेली' असे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाच्या मित्रास विचारावयास लावा. ती जागा अजून रिकामी निघाली, तर तो मित्र आपला साक्षीदार होतो.

आपल्या सोलापुरानेही या प्रश्नाला एक उत्तर दिले होते. खेड्यातून शाळेसाठी येणाऱ्या अस्पृश्य मुलांना शहरात कोण खोली देणार? बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ पासून येथे वसतिगृह चालविले; मुलांच्या जेवणाखाण्याचा, कपड्यांचा भार उचलला, आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला महिना चाळीस रुपयांची मदत दिली. बडोद्याच्या त्या संध्याकाळनंतर सात-साडेसात वर्षांनी ही जागा उघडली. आज आपल्यातील कितीतरी कुटुंबे पुण्यात स्वतःच्या सदनिकेत आहेत. नव्याने जाणाऱ्या मुलाला पहिला महिनाभर त्यांनी घरी ठेवून घेतले, तर त्याला घाईने कोणतीही अट कबूल करावी लागणार नाही.

शेवटी कागदाविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती मागून घ्या. अनामत रक्कम किती व ती केव्हा परत मिळणार, हे करारात लिहून घ्या. तोंडी कबुलीवर पैसे देऊ नका. करार वाचण्यास ज्यांना अडचण येत असेल, त्यांनी सभा आटोपल्यावर थांबावे. मी चष्मा आणला आहे. आपण एकेक कागद वाचून पाहू.

जय भीम.