थकबाकीचा अर्ज



मला इथं शिक्षणावर बोलायला सांगितलंय. शिक्षणावर आपल्याकडे भाषणं काही कमी झाली नाहीत. चौदा एप्रिलला होतात, सहा डिसेंबरला होतात. 'शिका' म्हणून सांगणारे पुष्कळ. पण शिकायला फी लागते, आणि ती आणायची कुठून हा प्रश्न आला की आपले वक्ते घसा खाकरून पुढच्या मुद्द्याला जातात. मी त्या फीवरच बोलणार आहे. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर बोलणार आहे. विषय कारकुनी वाटेल. वाटू द्या.

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की मी पोरापोरींचे फॉर्म भरायला बसते. नायगावची येतात, परळची येतात, डिलाईल रोडवरून येतात, गिरगावातल्या गल्ल्यांतून येतात. कागद हातात असले तर फॉर्म भरायला तास-दीड तास लागतो. पण त्या तासापर्यंत पोचायला पोराला दोन-दोन महिने लागतात. 'ताई, बघतो.' 'पप्पांना विचारते.' 'पुढच्या आठवड्यात नक्की.' काही तर येतच नाहीत.

लालबागचा एक पोरगा होता. बारावीला चांगले मार्क. इंजिनिअरिंगला नंबर लागला. फॉर्म भरलाच नाही. पहिल्या वर्षाची फी बापानं कर्ज काढून भरली. दुसऱ्या वर्षी कर्ज मिळालं नाही. आज तो पाठीवर चौकोनी पिशवी लावून टॉवरच्या तिसाव्या मजल्यावर लोकांचं जेवण पोचवतो. का भरला नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाला, 'ग्रुपमधल्या पोरांना कळलं असतं.' बास. एवढंच कारण. चार पोरांना कळू नये म्हणून एक पदवी गेली, आणि बापाच्या डोक्यावर व्याज राहिलं.

या पोराला आळशी म्हणू नका. त्याला जे झालं ते आपल्या निम्म्या पोरांना होतं. आपण मोर्चात घोषणा देतो, आणि कॉलेजच्या खिडकीपाशी मात्र आवाज बारीक करतो. मागं कोण उभं आहे ते बघतो. हा संकोच कुठून येतो ते आज बघू.

पहिला संकोच असा, की हे मागणं आहे. फुकटचं आहे. आपण मिंधे होतो.

तर मग फुकटचा इतिहास बघू. पेशवे पुण्यात श्रावण महिन्यात रमण्यावर ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पैसा रयतेच्या साऱ्यातला. १८१८ ला पेशवाई गेली, दक्षिणा गेली नाही. इंग्रजांनी त्याच निधीतून १८२१ ला पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढं त्याच निधीतून 'दक्षिणा फेलो' निघाले. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते. रामकृष्ण भांडारकर दक्षिणा फेलो होते. माणसं विद्वान होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांना कधी लाज वाटली का? ही फेलोशिप त्यांच्या चरित्रांत मानानं छापली जाते. जमीन कसणाऱ्याच्या, ओझी वाहणाऱ्याच्या, गावकी राबणाऱ्याच्या घामातून ती दक्षिणा उभी राहिली, आणि त्या राबणाऱ्याच्या पोराला शाळेच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवता येत नव्हता. त्यांच्या घरात आली की ती विद्वत्तेची कदर. आपल्या घरात आली की ती सवलत. शब्द बदलला की पैशाची जात बदलते.

जवळचं सांगते. या परळ-लालबागच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नव्हते. पगार तिथं जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला विटाळ. म्हणून आपला आजा-पणजा कमी पगाराच्या खात्यांत राबला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. तेव्हा संप सगळ्यांचा होता, आणि साचेखातं काहींचंच होतं. आता हिशोब करा. महिन्यामागून महिने, पिढीमागून पिढी जो पगार आपल्याला मिळाला नाही, तो गेला कुठं? त्या पैशातून कुणाच्या तरी पोरांनी कॉलेजची फी भरली. आपली पोरं कॉलेजात उशिरा पोचली याचं एक कारण या हिशोबात आहे. म्हणून मी स्कॉलरशिपला थकबाकी म्हणते. थकबाकी मागताना कामगार मान खाली घालत नाही. त्यानं का घालावी?

आणि बाबासाहेब. आपण त्यांचा फोटो लावतो, पण त्यांच्या अर्जांकडं बघत नाही. १९०७ ला मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकायला घरी पैसा नव्हता. केळुस्करगुरुजींनी शब्द टाकला, सयाजीराव महाराजांनी महिना पंचवीस रुपये दिले. १९१३ ला वडील गेले, आणि त्याच वर्षी अमेरिकेला जाण्यासाठी बडोद्याचीच शिष्यवृत्ती मिळाली. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली: शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. तेव्हा परळच्या चाळीत राहणाऱ्या या तरुणानं 'लोक काय म्हणतील' असा विचार केला असता तर? कोलंबिया राहिलं असतं, पुढचं सगळंच राहिलं असतं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे. महाराज उदार होते म्हणून पंचवीस रुपये मिळाले. उद्या महाराज उदार नसले तर? जुलै १९४२ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन व्हाइसरॉयला दिलं. त्यात शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. तुम्ही आज पोर्टलवर जी 'भारत सरकार शिष्यवृत्ती' बघता ती हीच. राजाच्या मर्जीची गोष्ट त्यांनी सरकारच्या नियमाची केली. पुढं घटनेचं ४६ वं कलम आलं. आता तुमच्या अर्जापुढं कुणी महाराज बसलेला नाही. नियम बसलाय. नियमापुढं कोण मिंधं होतं?

हा नियम टिकवायलाही माणसं झिजली आहेत. १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीबाहेर पडलो. १९६० ला महाराष्ट्र झाला, राज्यानं नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रानं मान्य करायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. तुम्ही शेवटची तारीख चुकवता तेव्हा ही चौतीस वर्षं आठवा.

दुसरा संकोच: वर्गात कळेल.

हा खोटा नाही. मी ज्या कॉलेजात होते तिथं तास चालू असताना शिपाई यायचा, मास्तर थांबायचे, आणि आमची नावं मोठ्यानं वाचली जायची. 'बीसी स्टुडंट्स ऑफिसात या.' आम्ही सात-आठ जण उठायचो. साठ डोळे पाठीवर. आता यादी वाचत नाहीत, व्हॉट्सअॅपवर टाकतात. डोळे तेच.

आणि डोळ्यांवर थांबत नाही. रोहित वेमुला हैदराबादच्या विद्यापीठात पीएचडी करत होता. महिना पंचवीस हजारांची त्याची फेलोशिप जुलै २०१५ पासून थांबली. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. पायल तडवी, आदिवासी घरातली मुलगी, इथं मुंबई सेंट्रलच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती, पुढचं शिकत होती. २२ मे २०१९ ला तिनं जीव दिला. जातीवरून छळ झाला असं घरच्यांनी सांगितलं, खटला उभा राहिला. म्हणून पोरांना मी 'घाबरू नका' असं सहज म्हणत नाही. घाबरण्यासारखं आहे.

पण लपून काय होतं ते बघा. नाव लपवलं, फॉर्म टाळला, तर टोमणे थांबतात का? आडनाव विचारणारा विचारतोच. राहता कुठं म्हणून विचारतो, आणि पत्त्यावरून ओळखतो. म्हणजे अपमान तुमच्या खात्यात जमा होतोच, फक्त पैसे जमा होत नाहीत. हा कुठला व्यवहार?

आणि स्कॉलरशिप घेणारा गप्प बसतो असं कुणी सांगितलं? १९७२ ला दलित पँथर उभी राहिली. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह तिचा अड्डा होतं. सगळेच काही कॉलेजवाले नव्हते, नामदेव ढसाळ टॅक्सी चालवायचा. पण वसतिगृहाची कॉट, फीची सवलत, स्कॉलरशिपची पुस्तकं यांच्यावर वाढलेली आपली पहिली मोठी पिढी तीच. सरकारच्या पैशानं शिकली आणि सरकारलाच जाब विचारायला रस्त्यावर आली. १० जानेवारी १९७४ ला याच परळमध्ये मोर्चावर वरून पाटा टाकला आणि भागवत जाधव शहीद झाला. ही पिढी मिंधी होती म्हणायची कुणाची छाती आहे?

तिसरा संकोच जरा सभ्य आहे. 'ताई, माझ्यापेक्षा गरीब पोरं आहेत, त्यांना मिळू दे.' मन चांगलं आहे, पण समज चुकीची. ही मोजक्या पाच-पंचवीस जागांची परीक्षा नाही. जो नियमात बसतो त्याला मिळायला पाहिजे. तुम्ही अर्ज केला नाही म्हणून तुमची फी गावाकडच्या गरीब पोराच्या खात्यात जात नाही. उलट अर्जांचा आकडा घसरला की वरचा अधिकारी म्हणायला मोकळा, की मागणीच नाही. अर्ज हा आपला मोर्चाच आहे, कागदावरचा. त्यात डोकी मोजली जातात.

मोजली की फरक पडतो. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्र या शिष्यवृत्तीला वर्षाला साधारण अकराशे कोटी देत होतं. राज्यांवर बोजा पडला, पैसे रखडले, देशभर पोरं ओरडली. २३ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२५-२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. त्यात उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे घराचे महिन्याला वीस हजार आठशे. मुंबईत बाप वॉचमन आणि आई चार घरची कामं करत असेल तरी ही रेघ ओलांडली जाते. याच्यावर आपल्याला भांडायचंय. पण भांडण बाहेरून होत नाही. अर्ज नाकारल्याचा कागद हातात असला की भांडणाला धार येते. आणि रेघ ओलांडली म्हणून घरी बसू नका. राज्याची फ्रीशिप ही वेगळी योजना त्याच पोरांसाठी आहे.

चौथी गोष्ट संकोच नाही, वैताग आहे. कागद. तो मला माहीत आहे.

महाडीबीटीचं पोर्टल आहे. जातीचा दाखला लागतो. मुंबई शहरात तो फोर्टातल्या जुन्या जकात घरातून निघतो. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणून आजोबांच्या शाळेचा दाखला गावाहून आणावा लागतो. सातारा असो, रत्नागिरी असो, गणपती-दिवाळीला गावी जाल तेव्हा शाळेत जा, आत्याला-काकाला कामाला लावा. ज्यांच्या आजोबांना शाळेत घेतलंच नाही त्यांच्याकडं शाळेचा दाखला मागतात, हा विनोद सरकारला कळत नाही. मग गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी शोधा, जुने महसुली कागद शोधा. आडनाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद काढून ठेवा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. बँकेचं खातं आधारला जोडलेलं हवं. नुसतं खातं असून चालत नाही, त्यापायी पैसे अडकलेले मी दरवर्षी बघते.

अर्ज भरला म्हणजे सुटलो, असं नाही. तो आधी कॉलेजच्या कारकुनाकडं पडतो, मग समाजकल्याणकडं. मध्येच त्रुटी काढून परत येतो. दर आठवड्याला उघडून बघा. दरवर्षी नूतनीकरण करा. कॉलेज फीसाठी अडवत असेल तर तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्याची प्रत चेंबूरच्या समाजकल्याण कार्यालयात द्या. कारकून तोंडाला घाबरत नाही, पोचपावतीला घाबरतो.

आणि शेवटचा दिवस धरू नका. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या पोराची आयआयटीची जागा साडेसतरा हजारांसाठी, काही मिनिटांच्या उशिरानं गेली. २०२१ मध्ये आपल्या पवईच्या आयआयटीची जागा एका दलित पोराच्या हातून अशीच निसटली, पैसे ऑनलाइन भरलेच जाईनात. दोघांना सुप्रीम कोर्टानं जागा परत मिळवून दिल्या. कोर्टाचं भलं होवो. पण प्रत्येक चाळीतल्या प्रत्येक पोरासाठी सुप्रीम कोर्ट बसणार नाही.

आता काम सांगते. घोषणेनं मी भाषण संपवणार नाही.

इथं बसलेल्या प्रत्येकानं आपल्या चाळीत, आपल्या मजल्यावर, यंदा दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींची नावं लिहून काढायची. पोरींची आधी, कारण पैसे नाहीत म्हटलं की घरात पहिलं शिक्षण पोरीचं थांबतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते. रविवारी सगळ्यांनी आपापले कागद घेऊन समाजमंदिरात यायचं. एकट्यानं भरू नका. एकटं असलं की लाज मोठी होते, दहा जण शेजारी बसले की तिचा चेष्टेचा विषय होतो. ज्यांचे फॉर्म मागच्या वर्षी मंजूर झाले त्यांनी नव्यांच्या शेजारी बसायचं. नोकरीला लागलेल्यांनी झेरॉक्सचा आणि जकात घरापर्यंतच्या बसभाड्याचा खर्च उचलायचा. उपकार म्हणून करायचं नाही. तुम्हीही याच पैशावर शिकलात, आता तुमची पाळी.

आणि ज्याला अजूनही वर्गात कळेल अशी भीती वाटते, त्यानं सोमवारी कॉलेजात जाऊन आपणच मोठ्यानं विचारावं: 'स्कॉलरशिपची खिडकी कुठली?' एकदा विचारा. मागच्या बाकावरनं आणखी दोघं उठतील. ते तुमच्याचसारखे कुणीतरी विचारायची वाट बघत बसलेले असतात.

जय भीम.