मधलं घर एकच

मायबाप श्रोतेहो, तत्त्व मोठं सांगून झालं, आता दृष्टांत लहान घेऊ. लहान म्हणजे किती? हातभर! कवड्यांचा पट.

हा खेळ हलका समजू नका बरं का. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात साक्षात शिवपार्वती फाशांचा डाव मांडून बसले आहेत. मग आमची काय कथा? आमच्या बुरोंडीला गणपतीत पावसाची झड लागली की आजी सारवलेल्या पडवीत कोळशानं २५ घरं आखायची. कवड्या चार. चारी उताण्या पडल्या तर चार, चारी पालथ्या पडल्या तर आठ. सोंगट्या म्हणजे बांगडीच्या काचा, चिंचोके, गुंजा.

आता रचना पहा. बाहेरच्या फेरीत १६ घरं, आतल्या फेरीत ८, आणि मध्ये एक. बाहेर ज्या दिशेनं फिरायचं, आत वळलं की त्याच्या उलट. हाच परमार्थ! बाहेर धावणारं मन आत वळवायचं तर चाल उलटी करावी लागते. पण आत जायचं कधी? दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्यावर. मी आजीला विचारलं, "मारल्याशिवाय देवाच्या घरी जाता येत नाही, हा कसला गो नियम?" आजी म्हणाली, "अरे, मारायचा तो मीपणा. तो पटावर दिसत नाही, म्हणून सोंगटी मारायची."

चाळीस वर्षं हे मी कीर्तनात सांगतो आहे. आणि घरी काय केलं? दीड हात जमिनीच्या गडग्यावरून थोरल्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला! आमच्या गावात भार्गवरामाची भव्य मूर्ती उभी आहे. त्यानं सगळी पृथ्वी कश्यपांना दान दिली आणि स्वतःसाठी समुद्र मागे सारला, हे आख्यान मी रंगवून सांगायचो. मला दीड हात सुटत नव्हते.

गेल्या गणपतीत नातीनं खडूनं पट आखला. भिडू तीनच. पोरगी गडगा चढून पलीकडे गेली आणि दादाला हाताला धरून घेऊन आली. तो बसला. बोलणं नाही, नुसता कवड्यांचा आवाज. डाव शेवटाला आला. दादाची सोंगटी मधल्या घराच्या अगदी तोंडाशी, माझी तिच्या मागे चार घरं. मी दान टाकलं. चारी कवड्या उताण्या! मारली तर तो पुन्हा पहिल्या घरी. माझा हात थांबला.

दादा म्हणाला, "मार की. खेळात कसली भीड?"

अकरा वर्षांनी पहिला शब्द तो बोलला. लहान होता तो माझ्याहून? नाही, थोरला! मी सोंगटी मारली आणि मला पुढचं दिसेना. दादा हसला, म्हणाला, "रडतोस काय? हरलो मी."

मायबाप, हरला कोण, ते तुम्हीच ठरवा. त्याच आठवड्यात गडग्याचे धोंडे काढून आम्ही पायवाट मोकळी केली.

पटावर चौघांची चार घरं, चार दिशांना. पण शेवटचं घर चौघांचं एकच, आणि तिथे कुणी कुणाला मारत नाही. तुमच्याही घरी असा एखादा भिडू रुसून बसला असेल. वारीहून परत गेलात की पट मांडा आणि पहिलं दान त्याला द्या.

रामकृष्ण हरी!